हातांची खुर्ची आणि डमी अर्ज

२ फेब्रुवारी, दुपारी २

माझं आयुष्य आज दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी बदललं. मामा जेवून उठले, हात धुतले, नॅपकिनला पुसले आणि मामीला म्हणाले, "यंदा अध्यक्षपद सोडतोय. बावीस वर्षं झाली, पुरे." मामी म्हणाली, "बरं. मग रविवारी माळ्यावरचे डबे काढून द्या."

एवढंच! बावीस वर्षांच्या कारकिर्दीवर या घराची प्रतिक्रिया म्हणजे माळ्यावरचे डबे. या माणसांसमोर ज्वालामुखी फुटला तरी आधी वाळत घातलेले कपडे आत घेतील.

मी मात्र घास हातात धरून बसलो. कारण ताबडतोब कळलं की व्यापारी संघटनेची ती खुर्ची आता माझी आहे. मामांना मूलबाळ नाही. मी सख्ख्या बहिणीचा मुलगा. दीड वर्ष त्यांच्या रंगाच्या दुकानात बसतोय. (कॉलेज मी मधेच सोडलं. कॉलेजनेच मला सोडलं असं बाबा म्हणतात, पण बाबांना बारकावे कळत नाहीत.) संघटनेच्या कचेरीत अकरा खुर्च्या आहेत. दहा बिनहातांच्या. एकीलाच हात आहेत. बिनहातांच्या खुर्चीत बसणारी माणसं मी रोज बघतो. तसं बसण्यासाठी मी जन्मलेलो नाही.

शिवाय अध्यक्षाच्या उजव्या हाताला चिटणीस बसते. चिटणीस म्हणजे ती. चष्म्याच्या दुकानाची मालकीण.

ठरलं. अध्यक्ष होणार आणि त्याच दिवशी तिला विचारणार. आधी नाही. रिकाम्या हाताने विचारणं माझ्या रक्तात नाही.

३ फेब्रुवारी

संकल्प. पहाटे पाचला उठणे. बाजारपेठेतली एकशे चारही दुकानं पायाखाली घालणे. रागावर ताबा. नेता रागवत नाही, नेता फक्त बघतो. आरशात सराव केला. मामी मागून म्हणाली, "पोट बिघडलंय का रे?"

४ फेब्रुवारी

सव्वानऊला उठलो. ताबा सुटला. हार्डवेअरवाल्यावर. याला मी मनात खिळा म्हणतो, कारण डोकं चपटं आणि कुठेही घुसतो. दुकानासमोर टेम्पो लावून नळाचे पाइप उतरवत होता. मी नुसतं बघितलं, नेत्यासारखं. तर म्हणाला, "काय रे, मान अवघडली का?" मग मीही बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही, पण मुद्देसूद होतं.

६ फेब्रुवारी, सकाळी ११

प्रचाराला सुरुवात. घाई करायची नाही, आधी जमीन तयार करायची. बेकरीवाल्या काकूंकडे गेलो आणि हळूच सांगितलं की मामा सोडताहेत. त्यांनी विचारलं, का? आता 'कंटाळले' म्हटलं तर लोक गळ घालणार, नका सोडू म्हणणार, आणि मामा पडले मऊ. म्हणून मी उसासा टाकला आणि म्हणालो, "आता त्यांच्याच्याने होत नाही काकू." बस. एक उसासा. कमी शब्दांत जास्त काम.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. बेकरीवाल्यांची बुद्धी पावासारखी असते, दाबली की दबते.

८ फेब्रुवारी

सकाळपासून घरी माणसांची रीघ. फळं घेऊन. औषधाच्या दुकानवाल्याने व्हीलचेअरचा कॅटलॉग आणला. मामा त्या वेळी शिडीवर चढून माळ्यावरचे डबे काढत होते. काकू खालून ओरडल्या, "अहो, या अवस्थेत शिडीवर कशाला चढलात!" मामा म्हणाले, "कुठल्या अवस्थेत?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी कुजबुजलं की त्यांना अजून सांगितलेलं दिसत नाही.

संध्याकाळी मामांनी मला समोर बसवलं. नुसतं बघितलं. (हे बघणं त्यांना चांगलं जमतं. बावीस वर्षांचा सराव आहे.) मामी म्हणाली, "मामांना आजारी तू पाडलंस, आता ही सात किलो सफरचंदं तूच संपव."

विरोधकांचा डाव असणार. माझा उसासा कुणीतरी वाढवून सांगितला.

११ फेब्रुवारी

जाहीरनामा पूर्ण. एकतीस कलमं. सगळ्या दुकानांच्या पाट्या एकाच रंगात (रंग आमच्याकडून). सकाळी नऊच्या ठोक्याला भोंगा, भोंग्याबरोबर एकशे चार शटर एकदम वर. दुकानदारांना टाय. गिऱ्हाइकाशी बोलताना दात कोरणाऱ्याची सदस्यता रद्द. एकविसावं कलम खिळ्यासाठी वेगळं आहे.

टाइप करून घेण्याच्या निमित्ताने तिच्याकडे गेलो. ती एका आजींच्या चष्म्याची काडी बसवत होती. पेचकस इतका बारीक की तिच्या बोटांत दिसतच नव्हता. म्हणाली, ठेव, बघते.

१२ फेब्रुवारी

तिने जाहीरनामा परत दिला. एकतीसपैकी एकोणतीस कलमांवर काट. उरली दोन, त्यातल्या एकापुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे तिने प्रत्येक ओळ वाचली! माझ्या बाबांनी माझं पत्रसुद्धा पूर्ण वाचलेलं नाही. शेवटी पेन्सिलीने लिहिलंय, "ट्रकचं काय?"

ट्रक हा तिचा नाद आहे. मालाचे ट्रक सकाळी नऊच्या आत रिकामे व्हावेत म्हणून ती चार वर्षं ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागे फिरतेय. नऊनंतर ट्रक उभा राहिला की रस्ता बंद, गिऱ्हाईक परत, असं तिचं म्हणणं. असू दे. मोठ्या माणसाच्या बायकोला एखादा छोटा विषय हवाच.

बायको हा शब्द लिहून गेलो. खोडत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४

मामांकडे पाठिंबा मागितला. दुकानातच. गिऱ्हाईक रंगाची वाट बघत उभं होतं. मी डबा हलवायच्या मशीनमध्ये ठेवला आणि म्हणालो, "मामा, तुमच्यानंतर या बाजारपेठेला दिशा देणारं कुणीतरी पाहिजे." मामा म्हणाले, "झाकण ठोक." मी म्हणालो, "मी दिशेबद्दल बोलतोय." मामा म्हणाले, "मी झाकणाबद्दल." मी म्हणालो, "तुम्हाला माझ्यात नेतृत्व दिसत नाही का?" आणि बोलण्याच्या भरात बटण दाबलं.

चार लिटर फिकट पिस्ता. छतापासून माझ्यापर्यंत. गिऱ्हाईक म्हणालं, भिंतीवर चांगला दिसतोय, हाच द्या.

त्याच क्षणी ती संघटनेच्या सह्यांसाठी दुकानात शिरली. हसली नाही. पर्समधून चष्मा पुसायचा ओला कागद काढून दिला आणि डोळ्यांच्या भोवतीचं आधी पूस म्हणाली. इतक्या माणसांत माझ्या डोळ्यांची काळजी कुणाला वाटली?

मामांनी पाठिंब्याचं उत्तर दिलं नाही. म्हणजे नकारही दिलेला नाही.

१७ फेब्रुवारी

खिळ्याचा बंदोबस्त केला. तो उभा राहणार अशी शंका होती, म्हणून आधीच त्याच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर बजावलं की अध्यक्षपद म्हणजे बिजागरी विकणं नव्हे, तुमची तेवढी लायकी नाही, उभं राहायचा विचारही करू नका.

तो बिजागऱ्या मोजत होता. मान वर करून म्हणाला, "मी कुठे राहत होतो उभा? मला आपलं दुकान बरं." मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, "पण आता राहतो."

शत्रू उघड्यावर आला. हेच मला हवं होतं.

२० फेब्रुवारी, रात्री ८

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

अर्ज भरायची आज शेवटची तारीख. माझा अर्ज घेऊन मी तिच्याकडे गेलो, कारण चिटणीसच अर्ज गोळा करते. तिने वाचला. म्हणाली, "अरे, यावर सूचक नाही. अनुमोदक नाही. आणि उमेदवाराचं दुकान त्याच्या स्वतःच्या नावावर लागतं." मी म्हणालो, हे तांत्रिक आहे. ती म्हणाली, "तांत्रिक नाही, तेवढंच आहे." सूचक मिळाला नाही हे खरं. बेकरीवाल्या काकू आता माझ्याशी बोलत नाहीत आणि शिंपीदादांनी पेन संपलंय म्हणून सांगितलं. त्यांच्या खिशाला तीन पेनं होती.

मी निघालो तर ती मागून म्हणाली, "हे बघ, तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. अध्यक्षपदासाठी मीही अर्ज भरतेय."

खोटं कशाला बोला, वाईट वाटलं. घरापर्यंत चालत आलो तेव्हा डोकं गरम होतं, रस्त्यात दोन सायकली आणि एका कुत्र्यावर ओरडलो. मग जिन्याच्या चौथ्या पायरीवर डोक्यात प्रकाश पडला.

डमी अर्ज!

मोठ्या निवडणुकांत हेच करतात. मुख्य उमेदवाराचा अर्ज काही कारणाने बाद झाला तर जागा हातची जाऊ नये म्हणून घरचंच कुणीतरी दुसरा अर्ज भरून ठेवतं. त्याला डमी म्हणतात. आणि डमी अर्ज बहुतेक वेळा कोण भरतं? बायको भरते!

तिने माझ्या अर्जातली खोट बघितली, आणि लगेच स्वतःचा भरला. तोंडाने एक शब्द नाही. लाजते. स्पष्ट कसं सांगणार?

मामीने विचारलं, हसतोस काय एकटाच. मी म्हणालो, मामी, तुला नाही कळणार. ती म्हणाली, तेच बरं.

२२ फेब्रुवारी

छाननी. निवडणूक अधिकारी म्हणजे घड्याळवाले आजोबा. घड्याळ दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी माझा अर्ज तपासला. म्हणाले, "सूचकाची जागा कोरी दिसतेय." भिंग काढून पुन्हा बघितलं. "बिनभिंगाचीही कोरीच दिसतेय." खिळा खी खी हसला.

अर्ज बाद. दुसऱ्या कुणी टेबल उलटवलं असतं. मीही अर्ध्यापर्यंत उलटवलं होतं, पण तिच्याकडे लक्ष गेलं आणि ठेवून दिलं. ती चहाचे कप धरून होती. कप वाचवल्यासारखं करून तिने मला सावरलं.

रिंगणात आता दोघंच, खिळा आणि ती. म्हणजे खिळा आणि मी.

२४ फेब्रुवारी

आज माघारीची मुदत संपली. तिने माघार घेतली नाही. अर्थातच. मुख्य अर्ज बाद झाल्यावर डमी माघार घेतो का? काय अचूक डोकं आहे!

निवडून आल्यावर ती राजीनामा देईल आणि कार्यकारिणी मला खुर्चीत बसवेल. हे तिच्याशी बोललो नाही. काही नात्यांत बोलावं लागत नाही.

२६ फेब्रुवारी

तिच्यासाठी प्रचार चालू. म्हणजे माझ्यासाठीच. औषधवाल्याला म्हणालो, शिक्का तिच्या नावावर मारा, पण मत मला आहे असं समजा. तो म्हणाला, कसं काय? मी डोळा मिचकावला. शिंपीदादांना म्हणालो, ती फक्त नावाला, कारभार मीच बघणार. दादांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. प्रभाव!

बेकरीवाल्या काकूंनी अबोला सोडून स्वतःहून विचारलं, "म्हणजे रे, तिला मत दिलं की तू येणार?" मी गूढ हसलो. काकू म्हणाल्या, अगं बाई.

दिवसभरात अठ्ठावीस दुकानं झाली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची जाणीव दिसत होती.

२८ फेब्रुवारी

ती स्वतः रंगाच्या दुकानात आली. मला बाजूला, थिनरच्या डब्यांमागे बोलावलं. म्हणाली, "तू माझा प्रचार करतोयस असं कळलं. प्लीज, करू नकोस." मी म्हणालो, मला त्रास नाही. ती म्हणाली, "मला आहे. हात जोडते. दुकानात बस. नाहीतर गावी जाऊन ये आठ दिवस. आईबाबांना भेट."

माझी किती धावपळ होतेय हे तिला बघवत नाही. शिवाय आईबाबांचा विषय तिनेच काढला! गावी जाऊन घरच्यांशी बोलून ये, याचा दुसरा अर्थ काय होतो?

गेलो नाही. अशा वेळी सेनापती मैदान सोडत नाही. आणखी एकोणीस दुकानं केली.

३ मार्च

अध्यक्षीय भाषण तयार. चाळीस मिनिटं. मामांसाठीही निरोपाचं भाषण लिहून दिलं, चौदा पानांचं. त्यातली पहिली तीन पानं मामांवर आहेत आणि पुढची नव्या पिढीवर. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि विचारलं, "यात 'तळपता तरुण' कोण?" मी खाली बघितलं. मामा म्हणाले, "बाळा, कॉलेजचा फॉर्म कधी निघतो?" वय झालंय. विषय भरकटतो.

५ मार्च, रात्री ९

निवडणूक. शाळेच्या हॉलमध्ये. सत्त्याण्णव दुकानदार आले. बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. याच योग्यतेची माणसं.

आधी मामांचा निरोप. मी पहिल्या रांगेत. मामा उठले. माझी चौदा पानं खिशात होती, टोक दिसत होतं. काढली नाहीत. म्हणाले, "बावीस वर्षं तुम्ही माझ्याशी भांडलात, म्हणजे आपलं मानलंत. माझ्या हातून गटारं राहिली, पार्किंग राहिलं. लाइटचे खांब झाले, पण ते मी केले नाहीत. या पोरीने अकरा अर्ज करून आणले आणि सही माझी होती. आता मी घरी बसून हिचं ऐकणार." हिचं म्हणजे मामीचं. मामी मागून म्हणाली, "ऐकणार म्हणे!" सगळा हॉल हसला आणि मग अचानक कुणीच हसेना. शिंपीदादा उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले, बाकं आपटत. खिळ्याने रुमाल काढून नाक शिंकरलं. मामांना खाली कसं बसावं ते कळेना, तसेच उभे राहिले.

दीड मिनिटाचं भाषण. माझ्या पानांनी केवढी उंची आली असती.

मग मतदान, मोजणी. घड्याळवाल्या आजोबांनी निकाल वाचला. ती एक्कावन्न, खिळा सेहेचाळीस. लोक म्हणत होते की आठ-दहा दिवसांपूर्वी तिला ऐंशीच्या खाली मतं पडली नसती, मधेच काय झालं कोण जाणे. मला माहीत आहे काय झालं. मी नसतो तर ही एक्कावन्नही पडली नसती.

खिळा उठून तिला म्हणाला, "ताई, अभिनंदन. मला खरं तर नकोच होतं. या रंगवाल्याच्या भाच्याने डिवचलं म्हणून उभा राहिलो, आणि शेवटी शेवटी मीच घाबरलो, निवडून येतो की काय." आणि दोघं हसली. पडलेला माणूस असा लाचार होतो.

टाळ्या चालू असताना मी भाषण घेऊन स्टेजवर चढलो. हातांची खुर्ची कचेरीतून मुद्दाम आणून ठेवली होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मी उभा राहिलो. टाळ्या थांबल्या. हॉल माझ्याकडे बघत होता. ती माझ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाली, "अरे, माइकच्या वायरवर पाय आहे तुझा."

मी पाय उचलला. ती बोलायला लागली. ट्रकवर.

आज घोषणा झाली नाही. गर्दीत योग्य दिसलं नसतं. उद्या.

६ मार्च, दुपारी १२:३०

इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या दुकानात गेलो. आत एक गृहस्थ डोळे तपासून घेत होते, जड लोखंडी फ्रेम नाकावर लावून समोरची अक्षरं वाचत होते. मला त्यांची अडचण वाटली नाही. अडचण ही लहान माणसांना वाटते.

मी विचारलं, "मग राजीनामा कधी देतेस?"

ती म्हणाली, कशाचा?

अध्यक्षपदाचा, मी म्हणालो. आता वेळ घालवण्यात अर्थ नाही. तू डमी म्हणून जे केलंस ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आणि मग सगळंच सांगून टाकलं. मुख्य उमेदवार, डमी उमेदवार, डमी अर्ज साधारण कोण भरतं. बायको हा शब्द तोंडातून गेला. गेला तर गेला. मागणी घालायचीच होती, तीही त्याच वाक्यात उरकली.

तिने हातातली काच खाली ठेवली. गृहस्थांनी वाचणं थांबवलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला पुढे काय करायचं ते माहीत होतं. म्हणाली, "ट्रकवाल्यांकडे चार वर्षं मी चालत गेले. पावसापाण्यात, दुकान बंद ठेवून. त्यांच्या मॅनेजरने मला दोनदा दाराबाहेर उभं ठेवलं. खांबांसाठी अकरा अर्ज लिहिले. आणि तू आठ दिवस गावभर सांगत फिरलास की मी तुझी डमी आहे?"

मी म्हणालो, चांगल्या अर्थाने.

ती माझ्याकडे बघत राहिली. चष्म्याचा नंबर काढताना बघते तसं, नेमकं कुठे बिघडलंय ते शोधल्यासारखं. मग म्हणाली, "जा तू आता." गृहस्थ म्हणाले, "मी पुढची ओळ वाचू का?"

तिला धक्का बसलाय. विजयाचा. काहींना असं होतं. दोन दिवसांत उतरेल.

७ मार्च

उतरला नाही. तिच्या दुकानावरून सहा वेळा गेलो. सहाव्या वेळी तिने काचेवरचा पडदा ओढला. ऊन येत असेल.

मामांना सगळं कळलंय. त्या गृहस्थांना नंबर लागला नाही, पण कान शाबूत होते. मामा एवढंच म्हणाले, "तिची माफी माग." मी म्हणालो, माफी छोटी माणसं मागतात. मामा म्हणाले, "मग तुला सोपं जाईल." मामीने ताटात काहीतरी आपटलं. काय होतं ते बघितलं नाही.

जेवलो नाही. नंतर जेवलो.

८ मार्च

अंतिम निर्णय. या बाजारपेठेला माझी किंमत मी गेल्याशिवाय कळणार नाही. उद्या नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक आहे. तिथे सगळ्यांसमोर मी संघटनेच्या माझ्या सर्व पदांचा राजीनामा देणार. चार पानी. ऐकताना ती कोसळेल. कोसळली की मी थांबेन. तयारी म्हणून शेवटच्या परिच्छेदानंतर थोडी जागा ठेवली आहे, तिला बोलायला.

९ मार्च, संध्याकाळी ७

बैठक पाचला होती. मी पाच वाजून दहा मिनिटांनी शिरलो. ती हातांच्या खुर्चीत बसली होती. नीट बसली होती, मागे टेकून. शेजारी घड्याळवाले आजोबा, मग खिळा (त्याला खजिनदार केलाय), बेकरीवाल्या काकू वगैरे. मामाही होते, कागदपत्रं सोपवायला आलेले, एका बिनहातांच्या खुर्चीत. हातांशिवायही चांगले बसले होते. चहात बिस्किट बुडवत होते.

मी वाचायला सुरुवात केली. त्यांनी वाचू दिलं, चारही पानं. दुसऱ्या पानावर काकूंनी झाकून जांभई दिली. शेवटी आलो आणि म्हणालो, "सबब, अध्यक्षांचा स्वीय सहायक या पदाचा मी राजीनामा देत आहे." आणि थांबलो. ठेवलेल्या जागेत.

घड्याळवाल्या आजोबांनी संघटनेचं रजिस्टर उघडलं. बराच वेळ बोट फिरवलं. म्हणाले, "असं पद नाही रे."

मी म्हणालो, मामा असताना होतं. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामांचं बिस्किट चहात पडलं होतं, ते चमच्याने काढत होते. म्हणाले, "कचेरीच्या जिन्याचा दिवा लावायचा हा. बाकी काही मी सांगितलं नव्हतं."

खिळा गंभीरपणे म्हणाला, नसलेल्या पदाचा राजीनामा कसा घ्यायचा, घटनेत बसत नाही. असं करू, आज पद तयार करू, पुढच्या बैठकीत याची नेमणूक करू आणि त्याच्या पुढच्या बैठकीत राजीनामा घेऊ. बाकीचे कपात तोंड घालून बसले. आजोबांचे खांदे हलत होते.

मी तिच्याकडे बघितलं. तिने कागद पुढे ओढला, चारही पानं सारखी करून टाचली, कोपऱ्यात सही केली. थट्टा नव्हती तिच्या चेहऱ्यावर. राग असता तरी चाललं असतं, तोही नव्हता. "मंजूर," म्हणाली. "पुढचा विषय, गटाराची झाकणं."

आणि ती माणसं खरोखर गटाराच्या झाकणांवर बोलायला लागली. किती तुटली, कुठली आधी बसवायची. काकू म्हणाल्या, आमच्या समोरचं आधी, परवाच एक गिऱ्हाईक पाय अडकून पडलं. मी उभाच होतो. मी उभा आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. मला वळसा घालून नकाशा टेबलावर पसरला. खिळा म्हणाला, जरा सरक रे, उजेड अडतोय.

मी सरकलो. सरकत सरकत दारापर्यंत आलो. तिथे थांबून एक वाक्य बोलायचं ठरलं होतं, पाठ होतं. पण ती नकाशावर वाकून पेन्सिलीने खुणा करत होती आणि मामा तिला बोटाने कुठलीशी गल्ली दाखवत होते. त्यांच्या मधे बोलायला फट सापडेना.

मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.

आतून काकूंचा आवाज आला, "बरं झालं बाई कुणीतरी लावलं. कधीची धूळ येत होती."